कंदीलवाली कुठं गेली?

त्या संध्याकाळी जाहिराती लागल्या आणि नेहमीप्रमाणे आईचा फोन आला.

“पाहून राहिली ना?”

“हो, पाहून राहिली.”

“सावली पायरी चढली आज. मी म्हटलं होतं.”

“चढली. पर उंबरठ्याच्या आत नाई आली.”

“येईन ना. शेवटच्या भागात येईन.” मागं फोडणी तडतडल्याचा आवाज आला. “तुह्या पुस्तकाच्या हिशोबानं काय होईन मंग?”

माझ्या हिशोबानं ती सावली भुताची नव्हतीच. त्या घरातल्या थोरल्या काकूच्या मनातली भीती भिंतीवर पडत होती. मी तसं सांगितलं. आई हसली.

“मनातलं भिंतीवर पडते का कोठं? सावली पडाले उजेड लागते, बाई. तो उजेड कोठून येते, ते पाह्य पह्यले.”

जाहिराती संपल्या तसा तिनं काही न बोलता फोन ठेवला. भाग संपल्यावर पुन्हा केला आणि रोजचा प्रश्न विचारला, “आवडला का?”

“बरा होता.”

“तुहं बाई बऱ्याच्या पुढं जातच नाई. आनं दुसऱ्या दिवशी पाह्यल्याबिगर राहतही नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसलेली आई तिथंच कलली. साकोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

मी भंडाऱ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आई-बाबा एकोडीला. ‘ओसरीवरची सावली’ ही मालिका आम्ही दोघी वर्षभराहून जास्त काळ अशीच पाहत होतो, ती गावाकडं, मी माझ्या भाड्याच्या खोलीत, मधे फोन. गोष्ट साधी होती. इरा नावाची मुलगी लग्न होऊन एका जुन्या घरात येते. रोज दिवेलागणीला त्या घराच्या ओसरीच्या भिंतीवर एका बाईची सावली पडते. बाई कुठंच दिसत नाही. सावली रोज थोडी पुढं सरकते, उंबरठ्याच्या अलीकडं थांबते आणि अंधार पडला की जाते. ती कोणाची, तिला काय हवं, हे कळायचं बाकी होतं. आम्ही मायलेकी दुसरं फारसं बोलत नव्हतो असं नाही, पण बोलणं सुरू तिथूनच व्हायचं. इराच्या सासूच्या वागण्यावरून माझ्या कॉलेजातल्या बाईंवर, इराच्या आजारपणावरून बाबांच्या गुडघ्यावर.

आमच्याकडं टीव्ही कधी आला असं कोणी विचारलं की आई म्हणायची, “गोंदिया निंगाला त्या साली.” भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा तुटला आणि टीव्ही आला, या तिच्या लेखी एका घरातल्या दोन गोष्टी होत्या. पण संध्याकाळी साडेसातला, ऐन मालिकेच्या वेळी, गावाची लाइन जायची. भारनियमन. मग बाबांनी गावातल्या भय्याजींच्या ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी आणली. दुपारी लाइन असली की ती चार्ज करायची आणि संध्याकाळी तिच्यावर छोटा टीव्ही लावायचा. अख्ख्या टोलीत, आमच्या वस्तीत, त्या वेळी तेवढाच एक टीव्ही चालू असे.

बाया मात्र पाहायला येत नसत. ती त्यांची चुलीची वेळ. त्यांना मालिका दुसऱ्या दिवशी कळायची, आईच्या तोंडून. रोवणा म्हणजे भाताची लावणी असो, निंदण असो, धानाची कापणी असो, बायांची टोळी ओळीनं वाकली की लीलामावशी म्हणायची, “हं, रत्नमाला, सावली कोठवर आली?” आणि आई सुरू व्हायची. मी सुटीत गावी गेले की बांधावरून दुरून ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, पण सगळी ओळ एकदम थांबलेली दिसायची, मग एकदम हसायची, मग पुन्हा हात चालू. अर्ध्या तासाच्या भागावर आई दुपारच्या शिदोरीपर्यंत बांदीतलं, धानाच्या खाचरातलं, काम ओढायची. इतकं त्यात असतं काय, हे मला कधी समजलं नाही.

आई गेल्यावर घरात बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले. आईनं विणलेलं झाकण टीव्हीवर तसंच होतं. ते काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी रजा वाढवली, कारण आमच्या बांदीचा रोवणा तोंडावर होता आणि बाबा एकटे होते.

आणि एका दुपारी लीलामावशी आली. आईची मैत्रीण, टोळीतली सगळ्यात थोरली. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग लुगड्याचा पदर नीट करत म्हणाली, “उद्या शेवटचा भाग हाय म्हणते.”

“कशाचा?”

“कशाचा म्हणून काय विचारतं? सावलीचा.”

मी टीव्हीवरच्या झाकणाकडं पाहिलं.

“बॅटरी चार्ज हाय का?”

“असेल. बाबांना विचारावं लागेल.”

“विचार.” ती उठली. “आमी नाई येत. दुखाच्या घरी टीवी पाहाले कसं येवावं? तू पाह्य. परवा तुमच्याच बांदीत टोळी हाय. तवा सांग.”

“मी?”

“मंग कोण? तुहा बाप सांगन? तो वर्षभरात चार शब्द बोलते, त्यातले दोन बैलाले.” दारात ती वळली. “हे पाह्य पोरी. वर्षभर आयकलं आमी. मालनबाईले तं झोप नाई. ते सावली आत येते का नाई, एवढं कळू दे. मंग आमी तुले काई मागत नाई.”

ती गेली आणि मी कितीतरी वेळ दारातच उभी होते. मग लक्षात आलं की माझं काळीज धडधडत आहे, आणि ते दुःखानं नाही. शेवटचा भाग. सावली आत येणार की नाही? काकूचं काय? आईचं खरं की माझं? मी आत जाऊन बॅटरीच्या तारा तपासल्या.

दुसऱ्या दिवशी नेमकी दुपारची लाइन गेली. बाबांनी बॅटरी सायकलवर बांधली आणि तांदळाच्या गिरणीवर नेली, तिथं जनरेटर होता. परतले तेव्हा घामानं निथळत होते. सव्वासातला मी टीव्हीवरचं झाकण काढून घडी घातली. बाबा कधी मालिका पाहत नसत, अंगणात खाटेवर पडून ऐकत. त्या दिवशी खाट दाराशी ओढून बसले.

भाग सुरू झाला. दिवेलागण, तीच ओसरी. सावली आली, आणि या वेळी थांबली नाही. पहिली पायरी, दुसरी. इरा आतून धावत आली, दारापर्यंत. मागं घरातली सगळी माणसं, थोरली काकू थरथरते आहे. मी माझ्या नकळत पुढं सरकले होते. इरानं हात पुढं केला. तिचे ओठ हलले, ती काहीतरी म्हणणार होती.

जाहिराती लागल्या.

माझा हात फोनकडं गेला. फोन उचलला, आणि आईचा नंबर समोर आल्यावर थांबले. बाबांनी पाहिलं.

जाहिराती संपल्या. आणि इरा काही बोलायच्या आत मांत्रिक आला. या मालिकेत एक मांत्रिक होता, राख फासलेला, मोठ्या डोळ्यांचा. तो दर आठवड्याला येऊन रिंगण आखायचा आणि काहीतरी मोठ्यानं ओरडायचा.

“हा आला का,” बाबा म्हणाले. “याले पाह्यलं का तुही आई उठून जाये. म्हणे, राख फासली म्हून कोणी शहाणा होते का?”

मांत्रिकानं राख फेकली. भिंतीवर ज्वाळा उठल्या, सावली किंचाळली, वितळली, भिंत पांढरी झाली. सगळ्यांनी हात जोडले. काकू हसली, तिला काहीच झालं नव्हतं. इरा नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नावं वर सरकू लागली.

“संपलं?” मी म्हटलं.

“संपलं.”

“बाबा, पर ते होती कोण?”

“तिले कोणी विचारलंच नाई.”

मी उठून अंगणात गेले, परत आत आले. संताप संताप झाला होता माझा. वर्षभर एक बाई रोज दारात येऊन उभी राहते, आणि तिला नाव न विचारता जाळून टाकायचं? सासूच्या पेटीतल्या बांगडीचं काय झालं? विहिरीवरच्या हाकेचं? आईशी मी कडाडून भांडले असते त्या वेळी, आणि ती माझ्याच बाजूनं भांडली असती. मी कपाटाशी, पाण्याच्या रांजणाशी, बाबांशी बोलत होते. किती दिवसांनी माझा आवाज एवढा चढला होता.

बाबांनी बॅटरीची तार काढली. “बांदीत चांगली होती गोष्ट,” ते म्हणाले.

आईच्या सांगण्याचं कौतुक करताहेत, एवढंच मला वाटलं.

सकाळी टोळी आली. चिखल तयार होता, बाबांनी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांदीभर फेकून ठेवल्या होत्या. मी पदर खोचून ओळीत उतरले. लीलामावशी आणि भय्याजींच्या घरच्या सुलोचनाबाई यांच्यामधे एक जागा मोकळी होती. मी तिथं उभी राहिले.

रोवणा उलट्या पावली होतो. वाकायचं, दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि मागं सरकायचं. पुढं हिरवं होत जातं आणि आपण मागं मागं जात असतो.

“आता भूत कोण, सावली का आपण?” मालनबाई म्हणाली. “पाय तं आपलेच उलटे चालून राहिले.”

“तुहे तं घरीही उलटेच चालते,” सुलोचनाबाई म्हणाल्या. ओळ हसली.

“गुपचूप राहा वो,” लीलामावशी म्हणाली. “हं, सरिता. सावली कोठवर आली?”

मी सुरुवात केली. माझा आवाज पुस्तकी लागत होता हे मला कळत होतं, पण बाया ऐकत होत्या. दिवेलागण सांगितली, पायऱ्या सांगितल्या. काकू थरथरली तिथं मालनबाई म्हणाली, “थरथरनच. पाप हाय तिच्या पोटात.” इरानं हात पुढं केला तिथं हात थांबले.

“आनं तेवढ्यात मांत्रिक आला.”

“कोण आला?” लीलामावशी म्हणाली.

“मांत्रिक.”

“कोणता मांत्रिक?”

मी मान वर केली. सगळी ओळ माझ्याकडं पाहत होती.

“नेहमीचा. राख फासलेला.”

“या गोष्टीत मांत्रिक नाई,” सुलोचनाबाई ठामपणे म्हणाल्या. “आमी वर्षभर आयकून राहिलो. तू दुसरी मालिका पाह्यली का काय?”

“नाई काकू, हेच.”

“मंग कंदीलवाली कोठं गेली?”

आता मी विचारलं, “कोणती कंदीलवाली?”

ओळीत एकदम कालवा झाला. सगळ्या एकाच वेळी बोलू लागल्या. कंदीलवाली म्हणजे म्हातारी. तळ्याच्या पलीकडं एकटी राहते ती. रोज दिवेलागणीला तळ्याच्या पारावरून, त्या उंच बांधावरून, चालत येते. अंगणाच्या कोपऱ्यात, चिंचेखाली उभी राहते. घरातलं कोणी तिच्याकडं पाहत नाही, नोकरमाणूस समजतात. तीच इराला आजारपणात काढा देते. तीच विहिरीवरून हाक मारते. सासूच्या पेटीतली बांगडी तिच्याच हातातल्या बांगडीची जोड आहे, हे तर मागच्या कापणीतच कळलं होतं.

मी चिखलात हात बुडवून उभी. या मालिकेत अशी म्हातारी नव्हती. एकाही भागात नव्हती. मांत्रिक पडद्यावर आला की आई उठून डाळ ढवळायला जायची, आणि दुसऱ्या दिवशी तिनं बांदीत त्याला येऊच दिलं नव्हतं. त्याच्या जागी तिनं एक बाई आणून उभी केली होती. वर्षभर. आणि माझ्याशी फोनवर याबद्दल अवाक्षर नाही. मला हसू फुटलं, ते आवरेना.

“हसतं काय?” लीलामावशी म्हणाली. “काय झालं कंदीलवालीचं? मेली तं नाई ना?”

तिच्या आवाजात खरंच भीती होती. मालनबाईनं हातातली जुडी छातीशी धरली होती. मी खरं काय ते सांगू शकत होते, की टीव्हीत असं कोणी नाहीच, ही रत्नमालाची करणी. मग गोष्ट तिथंच, अर्धी राहिली असती. नाहीतर मला ती पुरी करायची होती, आत्ता, उभ्या उभ्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं होतं. एक ओळ कधी रचली नव्हती.

“थांबा वो,” मी म्हटलं. “मी मधूनच सांगून राहिली. पह्यलेपासून सांगतो.”

“सांग. हात चालू ठेवा वो बाया.”

मी वाकले. काड्या खोचल्या. आईनं हे संपवलं कसं असतं? तिच्याकडं शेवट होता का? आणि मग तिचा फोनवरचा आवाज आठवला, फोडणीच्या आवाजासकट. सावली पडाले उजेड लागते, बाई. तो उजेड कोठून येते, ते पाह्य पह्यले. ती टीव्हीबद्दल बोलत नव्हती. मला तिनं शेवट सांगून टाकला होता, आणि मी तिला मनातल्या भीतीबद्दल ऐकवत बसले होते.

पुढचं सगळं एकदम दिसलं, लखलखीत.

“दिवेलागण झाली,” मी म्हटलं. “सावली भिंतीवर आली. आज थांबली नाई, एक पायरी चढली, मंग दुसरी. घरचे सगळे मागं सरकले. इरा एकटी पुढं गेली. आनं सावलीकडं पाहता पाहता तिच्या मनात आलं, का सावली पडाले उजेड लागते.”

“हो ना,” कोणीतरी पुटपुटलं.

“मंग हा उजेड कोठून येऊन राहिला? घरातले दिवे तं मागं हायेत. तिनं वळून अंगणात पाह्यलं. चिंचेखाली म्हातारी उभी. हातात कंदील. कंदील हालला का सावली हाले. कंदील पुढं आला का सावली पायरी चढे.”

“माय वं,” मालनबाई म्हणाली. तिचे हात थांबले होते. सगळ्यांचेच थांबले होते. बांधावर जुड्या उचलायला आलेले बाबाही वाकलेले तसेच राहिले.

“म्हंजे सावली तिचीच?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“तिची नाई. तिच्या लेकीची. याच घरात दिली होती. पह्यली सून. गेली, आनं घरच्यांनी तिचं नावही टाकून देल्लं. काकूनं बांगडी सासूच्या पेटीत दाबून ठेवली. मायले कोणी निरोपही धाडला नाई. तवापासून माय रोज दिवेलागणीले लेकीले घेऊन येते, दारापर्यंत. उंबरठ्याच्या आत नाई जात, काहून का बोलावल्याबिगर लेकीच्या सासरी माय आत कशी जाईन?”

“नाईच जात,” लीलामावशी हळूच म्हणाली.

“इरा पायऱ्या उतरली. काकू ओरडली, जाऊ नको. ती गेली. चिंचेखाली जाऊन म्हातारीच्या पाया पडली. हात धरला. आनं म्हणाली…”

टीव्हीत इराला हे बोलूच दिलं नव्हतं. ओळ वाट पाहत होती.

“म्हणाली, आई, आत ये.”

“मंग?”

“मंग दोघी पायऱ्या चढल्या. कंदील उंबरठ्याच्या आत गेला. आनं सावली त्याच्यासंगं आत गेली. ओसरीची भिंत मोकळी झाली. काकूनं पेटी उघडली, बांगडी काढून म्हातारीच्या हाती देल्ली. चूल पेटलेली होती. इरानं मायलेकीसाठी दोन पानं वाढले.”

दूर तळ्याच्या पारावर कोणाची तरी बैलगाडी खडखडत गेली. मग मालनबाईनं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले आणि तिचं तोंड बरबटलं, तशा सगळ्या हसायला लागल्या, मालनबाईसुद्धा.

“म्हटलं नव्हतं का मी, बांगडी तिचीच,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “कापणीतच म्हटलं होतं.”

“तुमी तं ते सासूची म्हणत होत्या.”

“मी? कवा?”

“दोन पानं वाढले का खरंच?” मालनबाईनं मला विचारलं. “टीवीत दाखवलं?”

“स्पष्ट दाखवलं,” मी म्हटलं.

बांधावर बाबा जुड्या उचलत होते. त्यांची पाठ हलत होती, ते हसत होते की काय ते मला दिसलं नाही. जाता जाता एक जुडी त्यांनी नेमकी माझ्या पायाशी टाकली.

एवढा वेळ खोळंबलेला रोवणा सगळ्यांनी झपाझप उरकायला घेतला, आणि लगेच वाद सुरू झाला की काकूला माफी मिळायला हवी होती की नाही. मीही वादात पडले. मिळायला नको होती असं माझं म्हणणं, आणि मी ते चांगलं तावातावानं मांडलं. लीलामावशी तेवढी रोवत राहिली. तिची ओळ बांधापाशी पोचली तेव्हा तिनं कंबर सरळ केली, माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

“शेवटचा भाग होता,” ती म्हणाली. “आवडला का तुले?”

“बरा…” माझ्या तोंडून सवयीनं निघालं, आणि मी थांबले.

समोर आम्ही लावलेली ओळ पाण्यात उभी होती. मी लीलामावशीकडं नाही, त्या ओळीकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,

“आवडला, आई. तुहा शेवट मले लई आवडला.”